दहा हजार फुटांखालचे दिवे

पंपकाका विमानतळाच्या टॉवरचा जिना चढून वर आले तेव्हा त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. विमानातून उतरताना तो पायरीत अडकून निघाला असावा, आणि वाकून परत पायात घालण्याइतका धीर त्यांच्यात उरलेला नव्हता. दार त्यांनी ढकललं नाही, लाथाडलं, तेही बूट नसलेल्या पायानं, आणि मग आपलाच अंगठा धरून एका पायावर उभे राहिले. दुसऱ्या कुठल्या दिवशी टॉवरमधून विमानांना वाट सांगणारी ताई पोट धरून हसली असती. आज ती खुर्चीतून हललीही नाही.

पंपकाका म्हणजे शेतांवर औषध फवारणारे वैमानिक. विमान एका माणसाचं, पोटात औषधाची टाकी, पंखांखाली तोट्यांची रांग. म्हणून विमानाला सगळे पंप म्हणायचे आणि त्यांना पंपकाका. उभी हयात झाडांच्या शेंड्यांशी आणि विजेच्या तारांशी लगट करण्यात गेलेला माणूस. भीती त्यांच्या गावीही नसायची. आज मात्र त्यांच्या ओठांना रंग नव्हता.

"दिवे दिसतील म्हणालात ना, बाई?" ते म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता आणि तेच वाईट होतं. "मी दिवे शोधत बसलो."

काकांनी हातातला बूट तिच्या टेबलावर, रेडिओच्या शेजारी ठेवला आणि खुर्चीत बसून घेतलं. मग त्यांनी तोंड सोडलं. प्रवासी विमानाच्या कंपनीला, त्या विमानाच्या राखाडी रंगाला, ते चालवणाऱ्याच्या सात पिढ्यांना त्यांनी जे काही वाहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्या सात पिढ्यांत आपणही मोडतो हे ताईला ऐकता ऐकता कळत होतं. विमान चालवणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

तो विमानतळ लहान. मोठ्या विमानतळांवर असतात तसे ठिपके दाखवणारे पडदे तिथं नव्हते. चारी बाजूंना काचा, एक दुर्बीण, एक रेडिओ आणि ताईचे डोळे, एवढंच भांडवल. वैमानिकांनी आपण कुठे आहोत ते सांगायचं, ताईनं ते एकमेकांच्या कानावर घालायचं, आणि मग त्यांनी आपापल्या डोळ्यांनी एकमेकांना शोधून वाट काढायची. शोधणं सोपं व्हावं म्हणून दिवे.

या दिव्यांना लँडिंग लाइट म्हणतात, पण नावावर जाऊ नये. ते नुसते उतरण्यापुरते नसतात. विमान वरून खाली येताना दहा हजार फुटांच्या खाली शिरलं की ते लावायचे, दिवस असो की रात्र. आणि उडून वर जाताना दहा हजार ओलांडले की मालवायचे. त्याचं कारण साधं आहे. वरचा मजला मोकळा असतो, तिथं येणाऱ्याजाणाऱ्यावर लांबून नजर असते. खालचा मजला म्हणजे बाजार. तिथं शिकाऊ असतात, पक्षी असतात, बिनइंजिनाची विमानं तरंगत असतात, पंपकाका असतात. बाजारातून जायचं तर हाका मारत जावं लागतं, तशी ही डोळ्यांना मारलेली हाक. नियम कंपनीचाच होता आणि तो इतका अंगवळणी पडलेला होता की टॉवरमधून कधी कोणी वैमानिकाला "दिवे लावलेत ना?" असं विचारत नसे. घरी आलेल्या पाहुण्याला कोणी "विजार घातलीत ना?" असं विचारतं का?

आणि तिथंच घात झाला होता.

पंपकाका डोंगरापलीकडची शेतं आटोपून परतत होते. डोंगर ओलांडायला त्यांना वर चढणं भाग होतं. पेटवलेल्या शेतांचा धूर हवेत साचला होता, उतरतं ऊन त्यात मिसळून सगळं आकाश राखेसारखं झालं होतं. संध्याकाळचं प्रवासी विमान त्याच बाजूनं यायचं होतं. ताईनं काकांना रेडिओवर सांगितलं की विमान डाव्या अंगानं येईल, त्याचे दिवे दिसतील, दिसले की बोला. थोड्या वेळानं काका म्हणाले की दिवे कुठेच नाहीत. त्यावर ताई जे बोलली ते आता तिच्या घशात हाडकासारखं अडकलं होतं.

ती म्हणाली होती, "दिवे नाहीत म्हणजे अजून लांब आहे. या तुम्ही."

विमान लांब नव्हतं. वारा त्याच्या पाठीशी होता आणि ते वेळेच्या आधीच डोंगरापाशी येऊन ठेपलं होतं. भावाचा पहिला आवाज रेडिओवर आला तो "डोंगर समोर आहे" असाच. ताई काकांना सावध करायला तोंड उघडते तोवर तिला दुर्बिणीतून दिसलं की पंप एकाएकी नाकावर पडावा तसा खाली गेला आणि कड्यामागे दिसेनासा झाला. तेवढा वेळ ती मेल्यासारखी झाली होती. मग तो झाडांना घासत बाहेर आला. आणि प्रवासी विमान, एकोणीस माणसं पोटात घेऊन, शांतपणे डोंगरावरून पुढे सरकलं आणि अलीकडच्या उतारावर आल्यावर त्यानं दोन्ही पंखांतले दिवे लावले. पाहुणे आले की बैठकीतले दिवे लावावेत तसे.

"त्याच्या पोटावरचे तेलाचे ओघळ दिसले मला," पंपकाका म्हणाले. "एवढ्या जवळून मी माझ्या बायकोचं तोंडही पाहिलं नाही गेल्या कित्येक वर्षांत."

ताईनं वरिष्ठांना फोन केला होताच. दोन विमानं फार जवळ आली, एवढं ऐकून वरिष्ठांनी नेमका प्रश्न विचारला होता, की कशामुळे? धूर होता, ती म्हणाली. वरिष्ठ म्हणाले, धुरामुळे असेल तर तशी नोंद करू, दुसरं काही असेल तर तुम्ही स्वतः पाहिलंत, तुम्हीच आज कंपनीच्या मुख्य वैमानिकाशी बोला. धुराचं कारण खरं होतं. नुसतं धुरावर सोडलं असतं तर कोणी पुढे काही विचारलं नसतं. पंपकाकांची तक्रार कोणी ऐकली नसती, कारण पंपकाका कशाचीही तक्रार करत; विमानतळावरच्या कुत्र्याचीही त्यांनी एकदा लेखी तक्रार केली होती. दिवे उशिरा लागले हे पाहिलेलं दुसरं माणूस एकच, ताई.

काका उठले. बूट घेतला. दारापाशी थांबून म्हणाले, "तुमचा भाऊ ना तो?"

"हो."

"मग झालंच," असं म्हणून ते खाली गेले.

त्या दोन शब्दांनी ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भाऊ आहे म्हणजे झालंच. म्हणजे या माणसानं तिचा निकाल आधीच लावून टाकला होता. पाळी बदलणारा माणूस आला तेव्हा तिनं त्याच्याकडे खुर्ची सोपवली, दुर्बीण सोपवली आणि निघाली. गाडी चालवताना तिला सगळ्यांचा राग येत होता. सिग्नलचा, पुढच्या ट्रकचा, राखाडी रंग निवडणाऱ्या त्या कोण्या माणसाचा. पण हे सगळं वड्याचं तेल वांग्यावर होतं आणि तिला ते ठाऊक होतं. खरा राग एकाच प्रश्नाचा होता. का? बारा वर्षं विमान चालवतोय. एवढा शहाणा माणूस, लहानपणी घरातल्या प्रत्येक खोलीत दिवा लावून ठेवायचा म्हणून मार खाल्लेला, त्याला आकाशात दिवे लावायला काय झालं?

आईचं घर त्याच डोंगराच्या अलीकडच्या उतारावर होतं. दुसरा मजला, पुढे गॅलरी. संध्याकाळच्या फेरीनंतर भाऊ मुक्कामाला तिथंच असायचा. ताई आत शिरली तेव्हा तो गणवेशाचा शर्ट काढून, बनियनवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून बसला होता, आणि आई त्याच्या पुढ्यात चहाचा कप ठेवत होती. कपाखाली बशी होती. आई बशी फक्त पाहुण्यांना द्यायची, आणि लेकाला.

"ताई आली," भाऊ म्हणाला. "आई, हिलाही दे. बघ कशी दिसतेय, कोणाला तरी खाऊन आल्यासारखी."

"दिवे का नव्हते?" ताईनं उभ्याउभ्याच विचारलं.

त्यानं कप उचलला, फुंकर मारली. "होते की. उतरलो तेव्हा होते."

"डोंगराअलीकडे होते. डोंगरावर नव्हते. साडेतीन हजार फुटांवर नव्हते. दहा हजारांना लावायचे असतात हे तुला मी शिकवायचं?"

भावानं आईकडे पाहिलं आणि आईनं भावाकडे. त्या पाहण्यात काहीतरी होतं. लहानपणी फुलदाणी फुटली की हे दोघं असेच एकमेकांकडे पाहायचे, आणि मग मार ताईला बसायचा.

आईनंच सांगितलं, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर लाज तर नव्हतीच, उलट थोडं कौतुक होतं. तिचे गुडघे धरले तेव्हापासून ती विमानतळावर जाऊ शकत नव्हती. लेकाचं विमान रोज घरावरून जातं, पण विमानं सगळी सारखीच, आणि आधीपासून दिवे लावलेलं विमान लांबून नुसता एक ठिपका दिसतं, त्यात आपलं काय आणि दुसऱ्याचं काय. मग लेक म्हणाला, आई, मी असं करतो. दिवे बंदच ठेवतो. अगदी आपल्या घरावर आलो की लावतो. काळोखं विमान एकदम उजळलं की समज, तुझा मुलगा आला. तेव्हापासून ती रोज गॅलरीत उभी राहायची. दिवे लागले की आत जायची आणि चहाचं आधण ठेवायची. तो घरी पोचेपर्यंत चहा मुरलेला असायचा.

"सगळी गल्ली बघते आता," आई म्हणाली. "खालच्या मजल्यावरची तर आपल्या पोराला दाखवते. म्हणते, बघ, मुलगा असावा तर असा."

ताई खुर्ची ओढून बसली. चहासाठी. एकोणीस माणसं आणि विसावी, एकविसावी म्हणजे पुढे बसलेली दोघं, आणि पंपकाका, ही सगळी रोज आकाशात एका चहाच्या आधणावर तोललेली होती. आणि ताई त्याच आकाशाखाली, त्याच विमानतळावर, नोकरी लागल्यापासून रोज जात-येत होती. तिच्या येण्याची खूण म्हणून या घरात कोणी कधी भांडंसुद्धा हलवलं नव्हतं. हा विचार क्षुद्र होता हे तिला कळत होतं. तरी तो आला, आणि आल्यावर जाईना.

"तुझा को-पायलट काही म्हणत नाही?" तिनं विचारलं.

"म्हणाला होता सुरुवातीला. हात जायचा त्याचा बटणाकडे. मी म्हटलं, राहू दे, मी सांगेन तेव्हा."

"आज पंपकाका मेले असते."

"मेले का?"

"नाही."

"मग झालं तर. अगं, ते कुठूनही कसेही उडतात. त्यांना कोणी सांगितलं डोंगरावर मधे यायला?"

"मी सांगितलं," ताई म्हणाली.

भावानं खुर्चीवरचे पाय खाली घेतले आणि आवाज मऊ केला. हा मऊ आवाज ताईला पुरता ओळखीचा होता. तो म्हणाला की धूर होता की नाही? होता. मग तेच सांग. खोटं बोल असं मी म्हणतच नाही. पुढच्या आठवड्यात त्याची मोठ्या विमानासाठी निवड व्हायची होती. कंपनीचं दोनशे माणसांचं विमान, लांबच्या फेऱ्या. ही जागा एकदा गेली की पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, आणि या वयात अडकला तर तो जन्मभर याच एकोणीस खुर्च्यांच्या डब्यात बसून राहील. आणि तिकडे गेला की ही फेरीच राहणार नाही, हे घर वाटेत येणारच नाही, म्हणजे दिव्यांचा प्रश्न आपोआप मिटला. मग कशाला उगाच?

"हेच म्हणते मी," आई म्हणाली. "मिटतंय ना आपोआप. आणि चूक असलीच तर माझी आहे. मला बोल."

"तू विमान चालवत नाहीस, आई."

"तू तरी कुठे चालवतेस?"

हे लागलं. आई असं लागणारं बोलायची तेव्हा भांडी पुसत बोलायची, म्हणजे ऐकणाऱ्याला उत्तर कोणाच्या तोंडावर फेकायचं ते कळत नसे. ताईनंही एके काळी विमान चालवायचं म्हटलं होतं. एका घरात एकाचंच शिक्षण होण्यासारखं होतं, आणि ते कोणाचं झालं ते समोर बनियनवर बसलं होतं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. इथं तर दुसरं कार्टंही आपलंच होतं.

पण राग आणि माया या दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर शिजतात. त्याला सायकल ताईनंच शिकवली होती. मागचं सीट धरून ती गल्लीभर पळायची आणि तो पुढे बघायच्या ऐवजी सारखा मागे वळून बघायचा, सोडलं तर नाही ना म्हणून. मोठ्या विमानाच्या निवडीचं बोलावणं आल्यावर त्यानं पहिला फोन आईला नाही, तिला केला होता. आज आपण बोललो तर हे सगळं जाणार होतं. आणि न बोललो तर? तर उद्या पुन्हा त्या खुर्चीत बसून कोणाला तरी सांगायचं, दिवे दिसतील, बघा. आणि ज्याला सांगायचं तो माणूस विश्वास ठेवणार.

तिनं खुर्ची भावाकडे वळवली. मग म्हणाली, "मी नाही करत फोन. तू कर. आज संध्याकाळीच. सांग साहेबांना की दिवे उशिरा लावले, चूक झाली. स्वतःहून सांगितलेल्या माणसाला फासावर देत नाहीत. थोडे दिवस घरी बसवतील. मोठं विमान कदाचित लांबेल. कायमचं जाणार नाही."

"करतो," भाऊ लगेच म्हणाला.

गृहपाठ झाला का विचारल्यावर तो लहानपणी असाच लगेच "झाला" म्हणायचा. तरी ताईनं ते मान्य केलं. करायचं होतं म्हणून केलं. आईनं सुस्कारा टाकला आणि ताईपुढेही कप ठेवला, आणि आज त्याच्याखाली बशी होती. घरातली हवा सैल झाली. भाऊ को-पायलटची नक्कल करून दाखवू लागला, उतरताना तो कसा डोळे मिटतो ते. आई हसली. ताईच्याही ओठाचा कोपरा हलला.

तिच्या मनात एक बोच राहिली होती तेवढी काढून टाकावी म्हणून ती म्हणाली, "मी काकांना 'या' म्हटलं, तेच मला खातंय रे. तू तेव्हा माझ्या रेडिओवर आलाच नव्हतास. एक मिनिट आधी आला असतास तर ऐकलं असतंस आणि लावले असतेस."

भावाच्या तोंडात बिस्किट होतं. गाफील होता. "ऐकलं की," तो म्हणाला. "दुसरा रेडिओ आधीपासून तुझ्यावरच लावलेला असतो माझा. तू म्हणालीस ना, दिवे नाहीत म्हणजे अजून लांब आहे. मला हसूच आलं. म्हटलं, थांब, दाखवतो आता, किती लांब आहे ते."

आईचं पुसणं थांबलं.

ताईनं कप बशीत ठेवला. आवाज होऊ दिला नाही. "तू ऐकलंस," ती म्हणाली, "की मी एका माणसाला सांगतेय, तू तिथं नाहीस."

"अगं, दोन मिनिटांचा तर प्रश्न होता. घर आलंच होतं."

"बटण कुठे असतं?"

"काय?"

"दिव्यांचं बटण. कुठे असतं?"

त्यानं नकळत डोक्याच्या वर, थोडं डावीकडे हात नेला. हात लांबही करावा लागत नव्हता. कोपर वाकलेलंच होतं. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्याचा त्यानंच खाली घेतला.

ताई उठली. फोन बाहेरच्या खोलीत, आईच्या औषधांच्या टेबलावर होता. तिनं नंबर फिरवला तेव्हा भाऊ मागे आला. तो म्हणाला की मी करतो म्हटलंय ना, मी करतो, तू ठेव तो. तिनं पाठ वळवली. तो म्हणाला, ताई, माझं सगळं जाईल. मग तो म्हणाला, मी कॅप्टन झालेलं तुला पहिल्यापासून बघवलं नाही. हे तो बोलेल हे तिला माहीत होतं. आज ना उद्या कधीतरी बोलणारच होता. ती रिसीव्हर कानाला धरून उभी राहिली आणि पलीकडची घंटा ऐकत राहिली. आईही दारात आली. आईच्या हातात फडकं तसंच होतं.

"पोरी," आई म्हणाली, "घर फोडू नकोस."

"घर नाही फोडत, आई. जे आकाशात फुटलं असतं त्याचं सांगतेय."

मुख्य वैमानिकानं फोन उचलला. ताईनं आधी आपण कोण ते सांगितलं, कुठल्या टॉवरवरून, आणि मग लगेच, त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून, हेही सांगितलं की कॅप्टन आपला धाकटा भाऊ आहे. मग जे घडलं ते. सपाट, एकापाठोपाठ एक, रेडिओवर हवामान सांगावं तसं. वारा, धूर, उंची, पंप कुठे होता, आपण त्याला काय म्हणालो, दिवे कुठे लागले. काही लपवलं नाही. आपण "या" म्हटलं तेही नाही. आवाज एकदाच अडखळला, आणि तो रागानं अडखळला, रडू आलं म्हणून नाही. पण पलीकडच्या माणसाला ते कळण्याचं कारण नव्हतं. तो अदबीनं म्हणाला की बाई, मला एवढंच सांगा, ही तक्रार टॉवरची आहे की घरातली?

"टॉवरची," ताई म्हणाली. "घरातली असती तर मी फोन केला नसता, झाडू घेतला असता."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला, आणि ताईनं रिसीव्हर भावाकडे धरला. "तुझ्याशी बोलायचंय."

भावानं आधी हात पुढे केला नाही. अंगात बनियन होतं, आणि साहेबाशी बोलायचं तर शर्ट हवा असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं, कारण त्यानं इकडेतिकडे पाहिलं. शर्ट आतल्या खोलीत होता. मग त्यानं फोन घेतला. ताई त्याच्यापासून दोन हात लांब उभी राहिली. तिचा राग तसूभरही उतरलेला नव्हता. उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि तो तिच्याकडे पाहायचं टाळत होता.

"हो, सर," तो म्हणाला. "नाही, सर. हो, ऐकलं होतं."

मग पलीकडून बराच वेळ कोणी बोलत राहिलं. बारा वर्षं आकाशात काढलेला तो माणूस पाढे विचारलेल्या पोरासारखा ताठ उभा राहिला.

"दहा हजार फुटांवर, सर," तो म्हणाला. "खाली येताना दहा हजारांना लावायचे."

पुढचा प्रश्न काय असणार ते खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं. तो आला तेव्हा भावानं पहिल्यांदा मान वर केली. ताईकडे नाही, आईकडे. आई त्याच्याकडे पाहत नव्हती. तिनं फडकं दोन्ही हातांत पिळून धरलं होतं, आणि ती जमिनीकडे पाहत होती.

"घरावर," तो म्हणाला.

पलीकडच्या माणसाला ते नीट ऐकू आलं नसावं, किंवा ऐकून पटलं नसावं. कारण भावाला तो शब्द पुन्हा म्हणावा लागला, आणि या वेळी मोठ्यानं.